माळावरचे पिवळे दगड

रविवार, १० जुलै १९७७

ओळखपत्र आलं. ‘मानद वन्यजीव रक्षक’. कोपऱ्यात माझा फोटो, खाली सही, सहीवर गोल शिक्का. मानद म्हणजे पगार नाही, हे सौ. रंभाने पहिल्याच मिनिटाला ओळखलं. “म्हणजे फुकट राखायचं,” असं म्हणून ती कणीक मळायला आत गेली. मी ते कार्ड दुपारपर्यंत तीनदा पाकिटातून काढून पाहिलं, हे तिला माहीत नाही. कदाचित असेलही.

एका ड्रॉइंग मास्तरला हे पद का मिळालं, असं शाळेत सगळे विचारणार. होटगीपलीकडच्या माळावर दर रविवारी जाऊन मी माळढोक पक्ष्यांची चित्रं काढतो. त्यातली काही कलेक्टर कचेरीतल्या प्रदर्शनात लागली, तेवढं निमित्त. हा पक्षी माणसाच्या कमरेइतका उंच, झाडावर न बसणारा. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते, घरटं नाही, आडोसा नाही. पाच वर्षांपूर्वीच्या कायद्याने त्याला मारणाऱ्याला तुरुंग आहे. त्या तुरुंगात अजून कुणी गेल्याचं ऐकिवात नाही.

संध्याकाळी पंचाक्षरी पेढे घेऊन आला. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. आता त्याचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे, दारात जीप आहे, तरी शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत तो मांडी घालून बसतो. “तुझे पक्षी हल्ली कुठल्या बाजूला असतात रे?” त्याने विचारलं. मी त्याला ओढा, बाभळी, पडकी विहीर सगळं सांगितलं. इतक्या आपुलकीने आजवर कुणी विचारलं नव्हतं.

रविवार, १७ जुलै

आणीबाणी उठल्यापासून पॅसेंजर पुन्हा पूर्वीसारखी उशिरा येते. होटगी स्टेशनमागे एका गँगमनकडे माझी जुनी सायकल ठेवलेली असते. तिच्यावरून माळावर पोचलो तेव्हा मायाप्पा मेंढरं सोडून बसला होता. मायाप्पा म्हणजे या माळाचा धनगर. त्याचा बाप इथेच मेंढरं चारायचा. त्याची बायको तानाबाई चुलीशी होती.

मी ओळखपत्र दाखवलं. त्याने ते उलटंपालटं केलं, लांब धरलं, जवळ आणलं.

“मास्तर, फोटूत तुमी चोरावानी दिसताय की.”

“अरे, सरकारी फोटो आहे.”

“मग बराबर हाय,” म्हणाला आणि इतका हसला की मेंढरांनी माना वर केल्या.

आज नर नाचताना दिसला. गळ्याची पांढरी पिशवी फुगवून जमिनीला टेकवली, शेपटी पाठीवर उलटी टाकली आणि छातीतून ‘हूम’ असा आवाज काढला. तो आवाज कानापेक्षा पोटात ऐकू येतो. मायाप्पा म्हणतो, असा आवाज पूर्वी माळाच्या चारी बाजूंनी यायचा. आता एकाच बाजूने येतो, आणि दुसरीकडून उत्तर येत नाही.

इथल्या धनगरांची एक रीत मला फार आवडते. ढोकाची मादी अंड्यावर बसलेली दिसली की तिच्यापासून काही पावलांवर एक दगड उभा करायचा आणि बिरोबाचं नाव घेऊन त्याला भंडारा लावायचा. मग त्या बाजूला कुणी मेंढरं नेत नाही. ज्याने भंडारा वाहिला त्याने राखायचं. त्या खुणेच्या आत जिवाला काही झालं तर त्या माणसाने बिरोबापुढे ढोल वाजवायचा नाही, देव पुन्हा कौल देईपर्यंत. आणि मायाप्पाचा ढोल ऐकायला पंचक्रोशीतून माणसं येतात.

रविवार, २४ जुलै

वाईट दिवस. विहिरीजवळच्या मादीचं अंडं फुटलं. आठवडाभराच्या भुरभुरीने दगडावरचा भंडारा धुऊन गेला होता. पलीकडच्या वाडीच्या बिरप्पाची मेंढरं सरळ त्यावरून गेली. बिरप्पा डोक्याला हात लावून बसला होता. “दगूड दिसला की, पन पिवळा न्हवता. कुनाच्या बी बांधाचा असंल म्हनलं.” त्याचा काय दोष? मादी जवळच उभी राहून रिकाम्या जागेकडे बघत होती.

मायाप्पाने हात देऊन बिरप्पाला उठवलं. पण आता त्याला बिरोबाकडे जाऊन कौल घ्यावा लागणार. परतताना गाडीत माझ्या डोक्यात एकच विचार होता. श्रद्धा चांगली आहे, पण ती पाण्याने जाते. काहीतरी टिकाऊ हवं.

गुरुवार, २८ जुलै

टिकाऊ म्हणजे ऑइल पेंट! मी रंगातला माणूस आणि मलाच हे इतका वेळ सुचू नये? पिवळा रंग उन्हात लांबून दिसतो, पाण्याने हलत नाही. एकदा लावला की दोन पावसाळे बघायला नको.

शाळेच्या कपाटातला रंग वाळून दगड झालेला. पंचाक्षरीकडे गेलो. मागांच्या खडखडाटात त्याला ओरडून सांगावं लागलं. ऐकताच त्याने गोदामातून मशिनांना लावायचा पिवळ्या रंगाचा डबा आणवला. “किती लांबून दिसेल?” त्याने विचारलं. मी म्हणालो, फर्लांगावरून सहज. तो म्हणाला, “वा. हे काम झालं.”

घरी येऊन रंभाला सांगितलं. ती म्हणाली, “त्यांना पक्ष्यांचं इतकं आहे, तर एकदा तुमच्याबरोबर बघायला का येत नाहीत?” मी म्हणालो, कारखाना चालवणाऱ्या माणसाला रविवार नसतो. तिला कुणाचं चांगलं बघवत नाही, असं नाही. पण चांगलं सहज पटतही नाही.

रविवार, ३१ जुलै

आज रंगवले. विहिरीजवळची मादी पुन्हा दिसली नाही. दोन माद्या अंड्यांवर आहेत, एक ओढ्याकडे, एक बाभळींच्या बाजूला. नराची नाचायची जागा ठरलेली असते, तिथेही एक दगड लावला. मेंढरांमुळे तो बिचकायला नको. मायाप्पाला बिरोबाचा कौल मिळाला होता, आणि ही कल्पना त्याला फार आवडली. दर पावसानंतर भंडारा घेऊन फिरायला तोही कंटाळला होता. रंग लावलेला दगड त्याने लांब जाऊन पाहिला, आणखी लांब जाऊन पाहिला आणि तिथूनच हात हलवला.

तानाबाईला मात्र आवडलं नाही.

“द्येवाला असला रंग चालत न्हाय,” ती म्हणाली.

“वरनं भंडारा लावतो की मी,” मायाप्पा म्हणाला.

“भंडारा धुपतोय त्यो धुपू द्यावा. परत लावाय जावं लागतंय म्हनून मानूस फिरून बगतंय तरी.”

मायाप्पाने हसून विषय उडवला. ओल्या रंगावरच भंडारा दाबला, चांगभलं म्हटलं आणि तिन्ही जागा आपल्या नावावर घेतल्या. मी टोपी काढून उभा राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला मी कुणीतरी आहे असं वाटलं.

मंगळवार, २ ऑगस्ट

उरलेला अर्धा डबा पंचाक्षरीला परत केला. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवायची सवय नाही. “अरे राहू दे,” म्हणाला, पण घेतला. दगड कुठे कुठे उभे केले तेही सांगितलं. त्याने शरणप्पाला, म्हणजे त्याच्या ड्रायव्हरला, माझ्यासाठी चहा आणायला पाठवलं आणि मला म्हणाला, “तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून हे जग चाललंय.”

रविवार, १४ ऑगस्ट

नर गेला. मारला.

मायाप्पा स्टेशनपर्यंत चालत आला होता, तेव्हाच समजलं काहीतरी झालं. नाचायच्या जागेवर पिसं होती. पांढऱ्या मानेची, तपकिरी पाठीची. रक्त वाळून काळं पडलं होतं आणि ओल्या मातीत गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या. त्या सरळ दगडापर्यंत आल्या होत्या, तिथून वळून परत गेल्या होत्या. इकडेतिकडे शोधाशोध केल्याचं काही दिसत नव्हतं. किती नेमबाज असतील हे लोक, असा विचार मनात येऊन गेला.

मायाप्पाने पिसं गोळा करून घोंगड्यात बांधली. मी त्याला कायद्याचं कलम सांगत होतो. तो ऐकत नव्हता.

“कोन असंल?” मी विचारलं.

“जीपगाडी हाय तेवढं खरं,” तो म्हणाला. “सकाळच्या पारी बार ऐकला. पळत येईस्तवर धुरळा.”

माझा संशय रेल्वेच्या बड्या लोकांवर आहे. त्यांच्याकडे बंदुका असतात.

बुधवार, १७ ऑगस्ट

पंचाक्षरी माझ्यापेक्षा जास्त चिडला. “असल्या लोकांना फटके मारले पाहिजेत,” म्हणाला आणि तक्रारीसाठी जीप दिली. आधी माळावर जाऊन पुन्हा पाहणी करायची, मग वनखात्याच्या ऑफिसात, असं ठरलं. शरणप्पा एरवी बोलका माणूस आहे, आज गप्प होता. पण गाडी छान चालवतो. होटगीच्या पुढे गेल्यावर मी जरा डुलकी घेतली. जाग आली तेव्हा गाडी रस्ता सोडून अचूक बाभळींच्या कडेने माळावर चढत होती. त्याला वाट सांगावीही लागली नाही. हुशार माणूस.

मायाप्पा आम्हाला पाहून जवळ आला नाही. लांबच उभा राहिला, जीपकडे बघत.

ऑफिसातले साहेब सभ्य वाटले. बसायला खुर्ची दिली. मग म्हणाले, तो माळ वनखात्याचा नाही, महसूलचा आहे. मी म्हणालो, पक्षी कुणाचा? ते म्हणाले, पक्षी आमचा, पण तो महसूलच्या जमिनीवर मेला. शिवाय मानद रक्षकाने फक्त कळवायचं असतं. खटला भरायचा तो नेमलेल्या अधिकाऱ्याने, म्हणजे त्यांनी. आणि त्यांना साक्षीदार हवा.

“धनगराने बार ऐकला आहे.”

“ऐकला. पाहिला का?”

मी उठलो. साहेबांनी दारापर्यंत येऊन हात मिळवला आणि उरलेल्या माद्यांची चौकशी केली. निदान तेवढी आस्था आहे.

रविवार, २८ ऑगस्ट

ओढ्याकडची मादी गेली. अंडं तिथेच होतं, गार. मी हातात घेतलं आणि परत ठेवलं. पिवळा दगड जागेवर, रंग तसाच ताजा, पावसाने जराही हललेला नाही.

मायाप्पाने डोकं भादरलं आहे. बिरोबाच्या देवळात ढोल खुंटीला टांगून आला. श्रावणात त्याचा ढोल बंद, असं यापूर्वी कधी झालं नव्हतं म्हणे. “कौल मागितला नाहीस?” मी विचारलं. तो म्हणाला, “कंच्या तोंडानं मागू?”

मी आज एक चूक केली का, कळत नाही. मी त्याला विचारलं, या जागा तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहेत? तो म्हणाला, बिरप्पाला. मी म्हणालो, बिरप्पा कुणाला सांगत असेल का? पैशासाठी माणूस काय करील सांगता येत नाही.

मायाप्पाने माझ्याकडे पाहिलं. तानाबाई भाकरी थापत होती, ती थांबली. “मास्तर,” तो म्हणाला, “बिरप्पाच्या मेंढरानं अंडं फोडलं तवा त्यो दोन दिस जेवला न्हाय.” आज पहिल्यांदा त्याने मला भाकरीला थांब म्हटलं नाही.

पण कुणीतरी सांगत असणार ना? हवेतून तर कळत नाही.

शनिवार, ३ सप्टेंबर

पंचाक्षरीकडे जेवण झालं. कारखान्याच्या मागच्या आवारात मांडव घातला होता. मला म्हणाला, तुझा सत्कार करायचाय, साहेब लोकही येणार आहेत. वनखात्याचे साहेब होते, वीज मंडळाचे होते, आणखी दोघे होते त्यांची खाती मला कळली नाहीत. मी खाकी टोपी घालून गेलो. रंभा आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

माझा श्रावण आहे आणि पंचाक्षरीच्या घरात तर अंडंसुद्धा येत नाही. त्यामुळे आम्ही दोघांनी पुरी-श्रीखंड घेतलं. साहेबांसाठी वेगळा स्वयंपाक होता, त्याला बाहेरून खानसामा आणला होता. साहेब लोक खूश दिसले. एकजण हाड चोखत म्हणाला, “मास्तर, तुम्ही यातलं काही खात नाही म्हणजे काय खात नाही ते तुम्हाला कळणार नाही.” सगळे हसले. मीही हसलो. माझ्या टोपीवरूनही बरीच गंमत झाली.

वनखात्याचे साहेब पंगतीत माझ्या डावीकडेच होते. जेवता जेवता त्यांनी विचारलं, आता माळावर किती राहिले. मी म्हणालो, बाभळींकडची एक मादी होती, पण तीही गेल्या रविवारी दिसली नाही. त्यांनी हळहळ व्यक्त केली.

शाल मिळाली. शरणप्पा मला घरी सोडायला आला. उतरताना म्हणाला, “मास्तर, तुम्ही आपले शाळेत बरे होता.” पिऊन आला असावा.

रविवार, ४ सप्टेंबर

आनंदाची बातमी लिहायला हात शिवशिवतोय. बाभळींकडची मादी जिवंत आहे! ती तिथून उठून खूप आत, खडकाळ उतारावर गेली आहे आणि तिथे नव्याने अंडं घातलं आहे. मायाप्पाने दाखवली. गवतात मान खाली घालून बसली होती. मी चित्र काढायला वहीसुद्धा काढली नाही, इतका घाबरलो होतो की ती उठेल.

“या बारीला दगूड न्हाय,” मायाप्पा म्हणाला. “भंडारा बी न्हाय. बिरप्पाला सांगतो तोंडानं. बास.”

मी कबूल केलं. रंग आणायचं नाव काढलं नाही. या माळावरची ही शेवटची. हे अंडं फुटलं नाही, पिल्लू चालायला लागलं, तर आपण काहीतरी राखलं असं म्हणता येईल. मायाप्पाला कौल मागता येईल. तेवढंच मला पुरे.

येताना तानाबाईने भाकरी दिली. मिरचीचा ठेचा इतका तिखट होता की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला ते सोयीचंच झालं.

मंगळवार, ६ सप्टेंबर

पंचाक्षरी रस्त्यात भेटला. माझा चेहरा बघून म्हणाला, “आज खुशीत दिसतोस.” त्याच्यापासून काय लपवायचं? त्याने डबा दिला, जीप दिली, शाल घातली. सांगितलं. खडकाळ उतार, पडक्या विहिरीच्या मागे.

जेवताना रंभाने विचारलं, “ती राहिलीय ती कुठं आहे, हे कुणाकुणाला माहीत आहे?”

मी म्हणालो, मायाप्पाला, बिरप्पाला, मला. आणि पंचाक्षरीला सांगितलं.

तिने ताटातला घास खाली ठेवला. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “मीठ जास्त झालंय.” मला तर मीठ बरोबर वाटलं.

रविवार, ११ सप्टेंबर

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

दुपारी माळावर पोचलो. मायाप्पा उताराच्या अलीकडेच उभा होता. मला म्हणाला, “मास्तर, तुमी परत रंगवलं व्हय?” आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं.

मी म्हणालो, नाही, मी तर आठवडाभर आलोच नाही.

तो मला पुढे घेऊन गेला. मादी बसलेली होती, जिवंत. आणि तिच्यापासून काही पावलांवर एक दगड उभा केला होता. पिवळा. मी बोट लावलं तर बोटाला रंग आला.

तो रंग मी ओळखतो. आयुष्य रंगात गेलं आहे माझं. हा पिवळा जरा हिरव्याकडे झुकतो, बाजारात मिळतो तसा नाही. उरलेला अर्धा डबा मी माझ्या हाताने नेऊन दिला होता.

मी तिथेच बसलो. मला एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि एक आठवली की तिच्यामागे दुसरी. न विचारता माळावर चढलेली जीप. फर्लांगावरून सहज. ते जेवण. ते हाड. साहेबांचं विचारणं. रंभाचं मीठ. बिरप्पाबद्दल मी जे बोललो तेही आठवलं, आणि मी मायाप्पाला सगळं सांगून टाकलं.

मायाप्पाने सगळं ऐकून घेतलं. वाटलं होतं शिवी देईल. त्याने फक्त विचारलं, “कवा येतील?”

“उद्या सकाळी. खूण करून गेलेत म्हणजे कुणा साहेबाला घेऊन येणार.”

“दगूड हलवू?”

“हलवून काय? जागा त्यांनी पाहिलीय.”

पोलिसांत जावं? पोलीस विचारतील वनखात्यात जा. वनखात्याचे साहेब माझ्या डावीकडे बसून जेवले. आम्ही दोघांनी इथे बसून राहावं? मायाप्पा म्हणाला, उद्या बसू, परवा बसू, त्यांना काय घाई आहे? अंडं फुटायला अजून खूप दिवस आहेत, आणि अंड्यावरची मादी उठत नाही. पाय जवळ येईपर्यंत उठत नाही. तोच तिचा घात.

मग मीच म्हणालो. कायद्याने नेमलेला रक्षक मी, मीच म्हणालो, हिला हाकलू.

मायाप्पाला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो खाली बसला. तानाबाई मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, “अंडं?”

मायाप्पाने मेंढरांकडे पाहिलं.

मेंढरं आणून उपयोग नव्हता, मेंढरांना ती भीत नाही. मायाप्पा उठला आणि देवळाकडे गेला. आला तेव्हा खुंटीवरचा ढोल गळ्यात होता. “द्येवाला काय सांगायचं त्ये मी सांगतो,” म्हणाला. त्याने टिपरू उचललं आणि वाजवला. मी टोपी काढून हातात घेतली आणि ओरडत धावलो. काय ओरडत होतो आठवत नाही. तानाबाईने पदर सोडून हवेत झटकला. आम्ही तिघं म्हातारी होत आलेली माणसं, त्या एका पक्ष्याच्या अंगावर धावून गेलो.

ती उठली. पळाली, थांबली, वळून अंड्याकडे आली. मायाप्पाने आणखी जोरात वाजवला. मी ढेकूळ मारलं. होय, मी. तिच्या पंखाजवळ पडलं. मग ती जड अंगाने उडाली आणि पूर्वेला, अक्कलकोटच्या अंगाला गेली. पार दिसेनाशी होईपर्यंत मायाप्पा वाजवत होता, आणि वाजवताना रडत होता. लोक ज्याला ऐकायला येतात तो ढोल मी आज पहिल्यांदा ऐकला.

तानाबाईने अंड्यावर मूठभर भंडारा सोडला. आम्ही परत फिरलो.

सोमवार, १२ सप्टेंबर

संध्याकाळी पंचाक्षरी आला. दारातच म्हणाला, “तुझा ढोक उडाला म्हणे.”

“तुला कुणी सांगितलं?”

त्याने चपला काढल्या. मग नेहमीसारखा मांडी घालून बसला. रंभाने त्याला पाणीसुद्धा दिलं नाही.

“हे बघ,” तो म्हणाला, “मला तर वासही सहन होत नाही. एक घास कधी तोंडात घातला नाही मी. पण कारखाना चालवायचा तर साहेब खूश लागतात. विजेचं बघायचं, परवान्याचं बघायचं. त्यांना बाजारात मिळणारं मटण नको असतं. तुला काय कळणार हे?”

“मी तक्रार करीन.”

“कर की. दगड तुझे, रंग तुझ्या हातचा, जागा तू सांगितलेल्या. पंगतीत तूही होतास, शाल घेऊन.” हे तो दमदाटीने बोलला नाही. समजूत घालत होता, लहानपणी गणित समजावायचा तसा. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी झटकला नाही, याची मला आता लाज वाटते.

रंभाने शाल चुलीत घातली. लोकरीचा वास घरभर राहिला आहे.

रविवार, १८ सप्टेंबर

माळावर गेलो. दगड होते, सगळे. अंडं कोल्ह्याने नेलं असावं.

बिरप्पा भेटला. मी त्याची माफी मागितली. कशाची ते त्याला कळेना. मायाप्पाने त्याला माझा संशय सांगितलाच नव्हता. मग मलाच सांगावा लागला. तो मेंढरांमागे निघून गेला.

आम्ही उतारावर बसलो. मी विचारलं, आली का परत?

“न्हाय. येऊ बी नये.”

“आली तर मला कळव. मी वरपर्यंत, मुंबईपर्यंत जाईन. लिहीन.”

मायाप्पा माती उकरत राहिला. मग म्हणाला, “मास्तर, एक सांगू? राग मानू नका.”

“बोल.”

“तुमी हिकडं येत जाऊ नका आता. दगूड न्हाय, भंडारा न्हाय, तरी तुमची सायकल कुटं वळली ते लांबनं दिसतंय की. एखांदं पाखरू चुकून माकून आलं, तर तुमच्यामुळं त्यास्नी कळंल. तुमी वाईट न्हाय. लई चांगलं हाय. पन नका येऊ.”

तानाबाईने भाकरी बांधून दिली. वाटेत खाल्ली नाही. सायकल गँगमनला देऊन टाकली.

रविवार, २ ऑक्टोबर

सुट्टी. वनखात्याच्या साहेबांकडून निरोप आला आहे, माळावर सध्या किती माळढोक आहेत ते वार्षिक अहवालासाठी कळवावं. निरंक असं कळवलं. ते वाचून त्यांना बरं वाटेल. पक्षी नाही म्हणजे गुन्हाही नाही.

रंभा म्हणाली, कुठेतरी जाऊन या, चित्र काढा, घरात बसून काय करता? मी म्हणालो, जातो. वही घेतली, चप्पल घातली, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. पॅसेंजरची शिट्टी इथवर ऐकू येते, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं, कारण रविवारी त्या वेळी मी नेहमी गाडीत असायचो.

आज घरीच होतो. माळावर गेलो नाही.